जहाजाला अपघात झाल्यावर तपास कसा होतो? आपल्या भागातल्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

सातपुडा_चीफ (यावल)

मंडळी, नमस्कार.

यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यातून आता पोरं मर्चंट नेव्हीत जायला लागली आहेत. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे घरच्यांना जहाज दिसतं ते टीव्हीवर, आणि तेही बहुतेक वेळा बुडताना. कुठे काही झालं की मला फोन येतात. दोन दिवसांनी बातमीत 'मानवी चूक' असं छापून येतं आणि विषय बंद होतो. या दोन शब्दांचा मला मनापासून राग आहे. बरीच वर्षं इंजिनरूममध्ये काढून आता मी किनाऱ्यावर सर्व्हेचं काम करतो, अपघातांचे अहवाल सतत वाचतो. तपास नीट झाला की दरवेळी दिसतं ते असं, की ज्याच्या हातून शेवटची चूक झाली त्याच्या खूप आधी, खूप लांब कुठेतरी गोष्ट बिघडलेली असते.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं बघा. २६ मार्च २०२४, रात्रीचा दीड वाजत आलेला. 'डाली' हे तीनशे मीटर लांबीचं कंटेनर जहाज बंदर सोडून निघालं होतं, खलाशी जवळपास सगळे भारतीय. पूल जेमतेम एक किलोमीटरवर असताना लाइट गेली. जहाजावर लाइट जाणं म्हणजे पंप जाणं, मुख्य इंजिन आपोआप बंद पडणं, सुकाणू लुळं होणं. पोरांनी मिनिटभरात वीज परत आणली, ती पुन्हा गेली. पहिल्यांदा अंधार झाल्यापासून चारेक मिनिटांत जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. पुलावर खड्डे बुजवत असलेले सहा कामगार गेले.

अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने दीड वर्षाहून जास्त तपास केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष आला: पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल वायरीमुळे. कंट्रोल सर्किटमधली सिग्नलची वायर. तिच्यावरची नंबराची पट्टी चुकीच्या जागी बसवलेली होती, त्यामुळे वायरीचं टोक टर्मिनलच्या स्प्रिंग क्लॅम्पमध्ये पूर्ण शिरलंच नव्हतं. संपर्क सुटला, ब्रेकर उघडला, जहाज अंधारात.

दुसऱ्यांदा वीज का गेली, त्याचं कारण वेगळंच. जनरेटरला तेल पोचवायला फ्लशिंग पंप (मुळात नळ्या साफ करायचा) वापरात होता. लाइट जाऊन आली तर हा पंप आपोआप सुरू होत नाही, हाताने चालू करावा लागतो. जनरेटरला तेल मिळेना, ते बंद पडले. आणि हे कुणी त्याच रात्री केलेलं नव्हतं, ती त्या जहाजावरची चालत आलेली पद्धत होती. शिवाय एवढ्या मोठ्या जहाजाच्या धडकेचा पुलाला किती धोका आहे, याचं मोजमाप पूल सांभाळणाऱ्यांनी केलेलंच नव्हतं. आता यातली नेमकी कोणती गोष्ट त्या रात्री ड्युटीवर असलेल्या पोरांच्या माथी मारायची?

ज्यांना या विषयातलं काही माहीत आहे त्यांनी लिहा. प्रश्न असतील तेही विचारा.

पॅनलवाला_जळगाव

चीफसाहेब, मी एमआयडीसीत पॅनल वायरिंग करतो. तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि ती वायर डोळ्यांपुढे उभी राहिली.

स्क्रूच्या टर्मिनलमध्ये आवळताना हाताला कळतं की पकड बसली. स्प्रिंगच्या टर्मिनलमध्ये तसं नाही. स्क्रूड्रायव्हर खुपसून तोंड उघडायचं, वायर सारायची, स्क्रूड्रायव्हर काढला की क्लॅम्प धरतो. नंबराची फेरूल, म्हणजे तुम्ही म्हणता ती पट्टी, टोकाच्या लगवर (धातूच्या पिनवर) पुढे सरकलेली असेल तर तीच भोकाच्या तोंडाशी अडते आणि पिन अर्धीच आत जाते. वरून बघितलं तर वायर बसलेली दिसते. मीटर लावला तर कंटिन्युटीही मिळते, पॅनल टेस्टिंगला पास होतो. नंतर वर्षानुवर्षं कंपनं होत राहतात. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवसापासून एक सवय लावली, वायर टोचली की लगेच तिला एक ओढ द्यायची. त्या वायरीला कुणी दोन बोटांनी ओढ दिली असती तरी ती हातात आली असती.

जहाजावर अशा हजारो वायरी असणार. ही एक शोधली कशी?

सातपुडा_चीफ

फार चांगला प्रश्न. आधी घटनांची वेळ जुळवतात, सेकंदासेकंदाची. हत्यारांना हात त्यानंतर.

ब्रिजवर (जहाज जिथून चालवतात ती खोली) व्हीडीआर असतो, म्हणजे विमानात ब्लॅक बॉक्स असतो तसलं यंत्र. त्याची कॅप्सूल केशरी रंगाची असते आणि सहा हजार मीटर खोल पाण्याचा दाब सोसेल अशी बनवलेली असते. २०१४ च्या जुलैनंतर बसवलेल्या यंत्रांच्या कॅप्सूलमध्ये ४८ तासांचं रेकॉर्डिंग राहतं, आतल्या वेगळ्या रेकॉर्डरवर ३० दिवसांचं. त्याआधीच्या यंत्रांना किमान १२ तासांचीच सक्ती होती. ब्रिजवरचं बोलणं, व्हीएचएफ रेडिओ, रडारचं चित्र, जीपीएस, सुकाणूला काय हुकूम दिला आणि सुकाणू खरोखर किती फिरलं, इंजिनला दिलेले हुकूम, अलार्म, सगळं त्यात जातं. लाइट गेली तर यंत्राच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रिजवरचे आवाज दोन तास रेकॉर्ड होत राहतात, बाकीची माहिती मात्र येणं थांबतं. डालीवर तेच झालं. माणसांचे आवाज आहेत, यंत्रांचे आकडे मधेच गायब. ती फट भरायला इंजिनरूमच्या नोंदी, किनाऱ्यावरून टिपलेला व्हिडिओ, एआयएस आणि खलाशांचे जबाब लागले. एआयएस म्हणजे चालतं जहाज दर काही सेकंदांनी आपली जागा, वेग आणि दिशा प्रसारित करतं ती यंत्रणा. ते बाहेरचे लोकही टिपून ठेवतात, त्यामुळे जहाजावरचं सगळं गेलं तरी तेवढं उरतं.

एकदा कोणता ब्रेकर आधी उघडला हे पक्कं झालं की हजारो वायरींचा प्रश्न राहत नाही. त्या ब्रेकरला उघडायला लावू शकतील अशी सर्किट किती, त्यांत टर्मिनल किती, असं मागे मागे जात एकेक तपासायचं. तुमच्या उस्तादाने शिकवलेली ओढ तिथे कामाला येते.

नंदुरबारकर_आबा

माझा मुलगा पहिल्याच जहाजावर डेक कॅडेट (शिकाऊ) आहे. आम्ही शेतकरी माणसं, यातलं काही कळत नाही. एवढंच विचारायचं होतं की असं काही झालं तर परदेशात पोराला आत टाकतात का? जबाब द्यायचा की गप्प राहायचं? ज्यांच्यामार्फत लागला त्यांना विचारलं तर 'काळजी करू नका' एवढंच सांगतात. आईला रात्री झोप लागत नाही.

कप्तान_अमळनेर

आबा, तुमची भीती खोटी नाही, म्हणून उगीच धीर देत नाही, आहे ते सांगतो.

डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियाजवळ 'हेबेई स्पिरिट' नावाचा टँकर नांगर टाकून उभा होता. टगचा दोर तुटून सुटलेला क्रेनचा बार्ज त्याच्यावर येऊन आदळला आणि दहा हजार टनांहून जास्त तेल समुद्रात गेलं. टँकर जागेवर उभा होता तरी त्याचा कप्तान आणि चीफ ऑफिसर, दोघेही भारतीय, तिथे अडकले. खालच्या कोर्टात निर्दोष सुटले, वरच्या कोर्टाने दोषी ठरवून तुरुंगात पाठवलं, मग सुप्रीम कोर्टाने तो तुरुंगवास रद्द केला. घरी यायला जून २००९ उजाडला. जगभरच्या दर्यावर्दी संघटना त्यांच्यामागे उभ्या राहिल्या होत्या.

म्हणून मुलाला एक गोष्ट नीट समजावून सांगा. अपघातानंतर तपास दोन प्रकारचे होतात आणि ते वेगळे असतात. एक सुरक्षेचा तपास, असं का घडलं आणि पुन्हा कसं टळेल यासाठी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची त्याबद्दलची संहिता १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. जहाज पूर्ण गेलं, माणूस दगावला किंवा पर्यावरणाचं गंभीर नुकसान झालं तर ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे त्याने हा तपास झाला पाहिजे हे बघायचं असतं. या तपासाचा हेतू दोष ठरवणं हा नसतो. दुसरा तपास पोलिसांचा किंवा सरकारी वकिलाचा. तिथे गोष्ट निराळी.

समोर बसलेला माणूस कोण आहे आणि कोणत्या तपासासाठी विचारतोय, हे आधी विचारायचा खलाशाला हक्क आहे. स्वतःच्या विरुद्ध जाईल असं न बोलण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचाही. हे सगळं त्या संहितेतच आहे, शिवाय जबाब लवकरात लवकर घेऊन खलाशाला जहाजावर किंवा घरी जाऊ द्यावं, असंही आहे. बहुतेक जहाजांचा पी अँड आय क्लबकडे विमा असतो, त्यांचा वकील बंदरात येतो. कॅडेटने त्याच्याशी बोलल्याशिवाय कुठेही सही करू नये, भाषा कळत नसेल तर अजिबात नाही.

आणि खोटं मात्र कधीच बोलू नये. लॉगबुकात नंतर बदल करू नयेत, दुसऱ्याने सांगितलं तरी. अमेरिकेत तेलाच्या नोंदवहीत खोट्या नोंदी केल्याबद्दल इंजिनियर तुरुंगात गेलेले आहेत.

पांझराकाठ

सगळं वाचतोय. पण मला हे पटत नाही. सहा कामगार मेले, त्यांच्या घरी कुणी सांगेल का, की हा तपास दोष ठरवायला नव्हता म्हणून? आपल्याकडे आधीच कुणाला शिक्षा होत नाही. 'व्यवस्थेची चूक' म्हटलं की सगळेच सुटतात.

सातपुडा_चीफ

शिक्षा होऊच नये असं मी म्हणत नाही. कोर्टाने कोर्टाचं काम करावं. माझं म्हणणं एवढंच की शिक्षेतून कारण कळत नाही, आणि कारण कळलं नाही तर पुढच्या जहाजावरची माणसं तशाच धोक्यात राहतात.

'वाकाशिओ' आठवतं का? २५ जुलै २०२० ला मॉरिशसच्या प्रवाळावर चढलेलं जपानी मालकीचं जहाज. सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात गेलं. कप्तान भारतीय होता. मॉरिशसच्या कोर्टाने त्याला आणि चीफ ऑफिसरला दोषी ठरवून शिक्षा दिली, आणि ती द्यायला कारणही होतं, जहाज किनाऱ्याच्या नको इतकं जवळ नेलं होतं. पण का नेलं? मोबाइलची रेंज मिळावी म्हणून. घरच्यांशी बोलायची ओढ होती आणि जगावर कोरोना होता. शिवाय एवढ्या जवळून जायला लागणारा मोठ्या प्रमाणाचा नकाशा जहाजावर नव्हताच. शिक्षा दोघांना झाली, पण खलाशांना जहाजावर इंटरनेट मिळालं पाहिजे ही गोष्ट आंतरराष्ट्रीय नियमांत आली ती वेगळ्या वाटेने, डिसेंबर २०२४ पासून. पुढचं जहाज रेंजच्या शोधात किनाऱ्याकडे वळणार नाही ते या नियमामुळे.

१९८७ साली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही ब्रिटिश फेरी बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून पुढचा दरवाजा उघडा ठेवून निघाली आणि उलटली, १९३ माणसं गेली. दरवाजा लावायचा तो माणूस झोपला होता. चौकशी त्याच्यावर थांबली असती तर एक माणूस घरी बसला असता. चौकशी कंपनीच्या वरच्या मजल्यापर्यंत गेली, म्हणून आज प्रत्येक मोठ्या जहाजावर आयएसएम कोड (सुरक्षित कारभाराचे नियम) आहे आणि जहाज चालवणाऱ्या कंपनीवरही लेखी जबाबदारी आहे.

जिनिंग_धरणगाव

मी जिनिंगमधला माणूस, जहाजाचं काही कळत नाही, पण कापसाच्या आगीचं कळतं. सरकीत किंवा गाठीत ठिणगी गेली तर ती लगेच दिसत नाही. गाठ दाबून बांधलेली, आत हवा थोडी, त्यामुळे आग ज्वाळेशिवाय धुमसत आत आत जाते. बाहेरून पाणी मारलं, धूर थांबला, सगळे म्हणतात विझली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या कापल्या की आत लाल निखारा. म्हणून संशयाची गाठ आम्ही ढिगातून ओढून लांब उघड्यावर नेऊन फोडतो. जहाजात भर समुद्रात हे कसं करणार?

कप्तान_अमळनेर

करता येत नाही, म्हणून तर कापूस वाहून नेणं जोखमीचं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकाइन' फुटलं, त्याच्या पोटात हजारो कापसाच्या गाठी आणि जवळपास चौदाशे टन स्फोटकं होती. आग लागली दोन नंबरच्या होल्डमध्ये (माल ठेवायच्या कप्प्यात), जिथे दोन्ही माल होते. दुपारपासून पाणी मारत होते, गाठी धुमसतच राहिल्या. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला गेलेले जवानही होते. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

जहाजावरच्या आगीत तपासनीस बाहेरच्या पत्र्यापासून सुरुवात करतो. रंग कुठे फुगलाय, कुठे जळून पांढरा पडलाय, पत्रा कुठे वाकलाय, यावरून उष्णता कुठे सगळ्यात जास्त वेळ होती ते काढतो. मग कोणता माल कुठे ठेवला होता त्याचा आराखडा शेजारी ठेवतो.

भडगावना_पोऱ्या

कप्तान भाऊ, माले एक सांगा. जहाज भर समुद्रमा बुडी गये, एक बी मानूस वाचना नही, ते मंग तपास करनारा तपासतस काय?

कप्तान_अमळनेर

याचं उत्तर मोठं आहे, पण पूर्ण वाच.

सप्टेंबर १९८० मध्ये 'डर्बिशायर' हे ब्रिटिश जहाज ऑर्किड वादळात जपानजवळ नाहीसं झालं. जहाजावर ४४ माणसं होती, त्यांत दोघी खलाशांच्या बायका. मदतीची हाक नाही, काही नाही. वादळाने नेलं म्हणून विषय मिटत आला होता. घरच्यांनी तो मिटू दिला नाही. चौदा वर्षं ते लोक सरकारच्या मागे लागून होते. शेवटी १९९४ मध्ये वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पैसे घातले आणि शोधपथकाला ४२०० मीटर खोल समुद्रतळावर अवशेष सापडले.

त्यानंतरच्या मोहिमांत पाण्याखालच्या यंत्रांनी लाखाहून जास्त फोटो काढले. तुकडा न्‌ तुकडा ओळखून मांडला. कोणता पत्रा आत दबलाय, कोणता बाहेर फाटलाय, यावरून आधी काय गेलं आणि नंतर काय, ते ठरतं. हवा असलेला कप्पा खोल जाताना पाण्याच्या दाबाने चुरगळतो. आधीच पाण्याने भरलेला कप्पा चुरगळत नाही, कारण आतबाहेर दाब सारखाच असतो. डर्बिशायरची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, चुरगळलेली नव्हती. म्हणजे जहाज बुडण्याआधीच नाळेत पाणी शिरलं होतं.

मधल्या एका अहवालात असं सुचवलं गेलं की खलाशांनी पुढच्या स्टोअरचं झाकण नीट लावलं नसावं. गेलेल्या माणसांवर, ज्यांना उत्तर देता येत नव्हतं. घरच्यांनी पुन्हा लढा दिला, चौकशी पुन्हा उघडली. २००० साली निकाल आला: खलाशांची हलगर्जी नव्हती. लाटांनी नाळेवरची व्हेंटिलेटर आणि हवेच्या नळ्या मोडल्या, तिथून पाणी आत जात राहिलं, नाळ खाली बसली आणि पहिल्या होल्डच्या हॅच कव्हरवर (तोंडावरच्या झाकणावर) लाटा कोसळल्या. ती कव्हरं तेवढा भार सोसायला बनवलेलीच नव्हती. त्यानंतर बल्क कॅरियरच्या (सुटा माल नेणाऱ्या जहाजांच्या) हॅच कव्हरचे आणि पुढच्या भागाचे नियम कडक झाले. ते नियम ज्यांच्यामुळे आले त्या घरच्यांचं मला फार मोठेपण वाटतं.

आता व्हीडीआर असल्याने काही वेळा आवाजही मिळतात. 'एल फारो' १ ऑक्टोबर २०१५ ला वाकीन वादळात ३३ माणसांसह गेलं. पुढच्या ऑगस्टमध्ये साडेचार हजार मीटरहून खोलातून कॅप्सूल वर आणली. त्यात ब्रिजवरचं सव्वीस तासांचं बोलणं होतं, आणि कप्तान वादळाची जुनी झालेली माहिती बघून मार्ग ठरवत होता हे त्यातून उघड झालं.

केळी_रावेर

आमचा माल रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून न्हावाशेवाला जातो. १३ किलोची खोकी, भरलेल्या मालाचं वजन वीस टनांच्या आसपास. दरवेळी वजनाचं ते प्रमाणपत्र, व्हीजीएम, मागतात. आमच्यातले बरेच जण ते कागदी काम समजून मागच्या वेळचाच आकडा टाकतात. वर जे लिहिलंय त्याच्याशी याचा काही संबंध आहे का?

आणि केरळजवळ बुडालेल्या जहाजात कार्बाइड होतं असं वाचलं, ते खरं का?

सातपुडा_चीफ

थेट संबंध आहे. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत 'एमएससी नापोली'चा सांगाडा चिरला. नंतर डेकवरचे कोरडे राहिलेले कंटेनर उतरवून ब्रिटनच्या एमएआयबी या सागरी अपघात तपास संस्थेने प्रत्यक्ष वजनं तपासली. त्यांतल्या पाचातल्या एका कंटेनरचं वजन कागदावरच्या आकड्यापेक्षा तीन टनांहून जास्त वेगळं निघालं. एकाच्या बाबतीत तर वीस टनांचा फरक. नापोली चिरण्याचं मुख्य कारण इंजिनरूमजवळच्या सांगाड्याची कमी ताकद हे होतं, पण कंटेनर कुठे ठेवायचा, सांगाड्यावर ताण किती, हे सगळं कॉम्प्युटर त्या खोट्या आकड्यांवरून काढत होता. अशाच अनुभवांतून १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम सक्तीचं झालं.

दोन रीती आहेत. भरलेला कंटेनर गाडीसकट भुईकाट्यावर घालून गाडीचं वजन वजा करायचं. किंवा प्रत्येक खोकं, पॅलेट, आधाराची लाकडं मोजून त्यात कंटेनरच्या दारावर लिहिलेलं रिकामं वजन मिळवायचं. मागच्या वेळचा आकडा टाकणं ही तिसरी रीत नाही. तुमच्या पॅकहाऊसमध्ये खोक्याचं वजन होतंच, ते लिहून ठेवा.

कार्बाइडचं खरं आहे. 'एमएससी एल्सा ३' २५ मे २०२५ ला कोचीजवळ बुडालं. ६४० कंटेनर होते, त्यांतल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. सगळे २४ खलाशी वाचले. केळी पिकवायला ज्यावर कायद्याने बंदी आहे तेच हे कार्बाइड. पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो पेट घेतो. म्हणून अशा जहाजाजवळ जाणाऱ्या बचाव पथकाला कोणत्या कंटेनरमध्ये काय आहे हे आधी कळावं लागतं, आणि ते कळतं फक्त माल भरणाऱ्याने खरं लिहिलं असेल तरच.

नंदुरबारकर_आबा

कप्तान साहेब, चीफ साहेब, मुलाशी काल बोलणं झालं. तुमचं सगळं त्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो त्याचं जहाज आता निकेलचं खनिज भरायला जाणार आहे. त्याने काय बघावं?

कप्तान_अमळनेर

आबा, बरं झालं विचारलंत. हे त्याला जसंच्या तसं पाठवा.

निकेलचं खनिज किंवा लोहखनिजाचा बारीक चुरा ओला असेल तर जहाजाच्या हादऱ्यांनी होल्डमध्ये पातळ होतो. तापीच्या काठी ओल्या वाळूवर पाय आपटत राहिलं की वाळू लिबलिबीत होऊन पाणी वर येतं, तसंच. मग सगळा माल एका बाजूला वाहतो आणि जहाज काही मिनिटांत उलटू शकतं. आपल्याच किनाऱ्याजवळ २००९ साली, जुलैमध्ये मंगळुरूजवळ 'एशियन फॉरेस्ट' आणि सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ 'ब्लॅक रोझ', लोहखनिजाचा चुरा घेऊन गेलेली बुडाली.

त्याने चीफ ऑफिसरला सांगून स्वतः कॅन टेस्ट करून बघावी. अर्धा ते एक लिटरचा डबा अर्धा मालाने भरायचा. कडक पृष्ठभागावर वीस सेंटिमीटर उंचीवरून आपटायचा, एक-दोन सेकंदांच्या अंतराने, पंचवीस वेळा. वर पाणी किंवा चिखल दिसला तर माल घेण्याआधी प्रयोगशाळेची तपासणी पुन्हा मागायची. काही दिसलं नाही म्हणजे माल सुरक्षित आहे असं मात्र धरायचं नाही, प्रयोगशाळेचा ओलाव्याचा दाखला लागतोच. ढिगाच्या वरचा सुकलेला थर घेऊ नये, आतून नमुना काढावा. डब्याचा आणि ढिगाचा फोटो, तारीख, वेळ, होल्डचा नंबर वहीत लिहावा. पाऊस पडला की कधी सुरू झाला, कधी थांबला आणि हॅच उघडे होते का, हेही.

सातपुडा_चीफ

कप्तानांच्या सांगण्यात माझी भर. जहाजावरची सगळी घड्याळं सारखी नसतात. ब्रिजवर जीपीएसची वेळ, इंजिनरूमच्या अलार्मची वेळ वेगळी, भिंतीवरचं घड्याळ तिसरंच. काही घडलं की आधी ही तफावत लिहून ठेवावी, नंतर ती जुळवायला तपासात कधीकधी आठवडे जातात. जहाज आणि माणसं सुरक्षित झाल्यावर व्हीडीआरचं सेव्ह बटण दाबायची कप्तानाला आठवण करून द्यावी, जुन्या यंत्रात बारा तासांनी सगळं पुसलं जाऊ शकतं. तुटलेला भाग धुवायचा नाही, तुटलेल्या तोंडाला तोंड लावून बघायचं नाही. धातू थकून तुटला असेल तर तिथे गुळगुळीत वळणाच्या रेषा असतात आणि उरलेला भाग खरखरीत असतो. दोन तुकडे एकमेकांवर घासले की त्या रेषा जातात.

आबा, त्याला कुठल्या बंदरात माल भरायचाय ते कळलं की इथे लिहा. तिथे पावसाळा कधी असतो आणि ढीग उघड्यावर ठेवतात का, यावर कप्तान आणि मी दोघं मिळून सांगू.